तेरा तारखेपासून अडणारं यंत्र

दार उघडणारा माणूस आधी माझ्या खांद्यावरून मागे बघायचा. इंजिनियर जिन्यात मागे राहिला असावा, असं त्याला वाटायचं. मग मी म्हणायचे, "मीच आलेय. कंप्युटर कुठे ठेवलाय?" त्यावर काही लोक ओशाळायचे, काही चहा टाकायला सांगायचे, आणि घाटकोपरच्या एका औषधांच्या गोदामातले शेठ सरळ म्हणाले होते, "बेन, कोई जेन्ट्स नहीं था क्या?" त्यांचं मशीन सुरू करून दिल्यावर मात्र पुढची पाच वर्षं ते जेन्ट्स आला की परत पाठवायचे.

ही ऐंशीच्या दशकाच्या शेवटाची गोष्ट. मरोळच्या औद्योगिक वसाहतीत एका गाळ्यात आमची कंपनी होती. खाली बिस्किटांच्या पुड्यांचं पॅकिंग चाले, वर आम्ही. अंधेरीपासून बोरिवलीपर्यंत आणि घाटकोपरपासून मुलुंडपर्यंत जिथे जिथे कंप्युटर घेतले जात होते, तिथे ते बिघडले की आम्ही जायचो. बिघाडसुद्धा एकेक नमुनेदार. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी आमचा फोन थांबत नसे. खंडेनवमीला लोक यंत्राची पूजा करायचे, ते योग्यच. पण हळदकुंकू मशीनच्या डोक्यावर वाहायचं सोडून फ्लॉपीला लावायचे आणि तीच फ्लॉपी मग भक्तिभावाने आत घालायचे. दसऱ्यानंतर आठवडाभर मी ब्रशने कुंकू झाडत हिंडायचे.

पण माझं खरं काम बिघडलेल्या मशीनचं नव्हतं, भांडणाऱ्या मशीनचं होतं. ते जरा समजावून सांगते.

कंप्युटर सुरू केला की त्याला स्वतःचं असं काहीच कळत नाही. त्याला आधी एक मूळ प्रणाली लागते. तेव्हा तिला आम्ही डॉस म्हणायचो. डॉस म्हणजे बिल्डिंगचा सेक्रेटरी समजा. कोणाला कुठली जागा, पाणी किती वाजता, गच्चीची चावी कोणाकडे, हे सगळं तो बघतो. हिशेबाचे, पत्रं लिहिण्याचे, छपाईचे प्रोग्राम म्हणजे भाडेकरू. आता समजा सेक्रेटरी बदलला. नवा जास्त हुशार आहे, जास्त कामं करतो, पण त्याला स्वतःलाच बसायला मोठी खोली लागते आणि त्याचे नियम वेगळे. की जुने भाडेकरू भांडायला उठलेच! माहुलला रिफायनरीच्या एका कंत्राटदाराचा पगाराचा प्रोग्राम नवा डॉस बघून उघडायलाच तयार होईना. पडद्यावर एक ओळ यायची, की मला हा डॉस ओळखीचा नाही. बाकी मशीन ठणठणीत. ही भांडणं सोडवायची, म्हणजे आधी कोण कोणावर रुसलंय ते शोधायचं. मला त्यात भारी मजा यायची. माझी आई म्हणायची, "दुसऱ्याच्या घरात नाक खुपसायचा पगार मिळतो हिला."

तर मुलुंडचे नाना.

मुलुंड पूर्वेला पहिल्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत नानांचं वधूवर सूचक केंद्र होतं. नाना पत्रिका करायचे. तीसेक वर्षं हाताने करत आले होते, मग मुलाने आग्रहाने त्यांना कंप्युटर घेऊन दिला आणि दादरच्या कोणा हुशार माणसाने लिहिलेला पत्रिकेचा प्रोग्राम त्यात बसवला. जन्मतारीख, वेळ आणि गाव घातलं, की कुंडली मराठीतून छापून बाहेर. मुलाची आणि मुलीची घातली, की किती गुण जुळतात तेही. दारावर पाटी आली: 'येथे कंप्युटरवर पत्रिका मिळेल'. लोक भांडुप-कांजूरवरून यायला लागले. हाताने केलेल्या पत्रिकेला लोक शंका विचारायचे, छापलेलीला नाही.

नानांचा फोन आला तो वेगळ्याच कारणासाठी. डिस्क भरली म्हणून त्यांनी एका विक्रेत्याकडून मोठी डिस्क बसवून घेतली होती आणि त्याने तिच्यावर नवा डॉस चढवून दिला होता. महिनाभर ते चाललं, पण फोन आला त्या आठवड्यात पत्रिका अर्धी छापून मशीन गपगार व्हायला लागलं. "मंगळापर्यंत येतं आणि बसतं," नाना फोनवर म्हणाले. "शनी छापतच नाही."

मी गेले. नाना बारीक अंगाचे, धोतर आणि वर हाफ शर्ट. माझ्या खांद्यावरून त्यांनी मागे बघितलं नाही. "ये पोरी, बस," म्हणाले. त्यामुळे ते मला लगेच आवडले.

पहिलं भांडण सोपं होतं. नवा डॉस ऐसपैस बसत होता, मराठी अक्षरं दाखवणारा प्रोग्राम कायम आत ठाण मांडून होता आणि विक्रेत्याने खुश करायला त्याच आठवड्यात पडद्याच्या कोपऱ्यात सतत चालणारं घड्याळ बसवून दिलं होतं. तेही आत जागा अडवून. तिघांच्या गर्दीत पत्रिकेला पाय ठेवायला जागा उरत नव्हती.

"घड्याळ काढावं लागेल, नाना."

"ते राहू दे ना गं. लोकांना आवडतं. मशीन वेळ सांगतं म्हणतात."

"भिंतीवर आहे की घड्याळ."

"ते मागे पडतं."

शेवटी घड्याळ गेलं. शनी छापला गेला. नानांनी हुश्श केलं. मी सवयीप्रमाणे जायच्या आधी एक पूर्ण पत्रिका करून बघायचं ठरवलं आणि माझीच जन्मतारीख घातली. पंचवीस, मग महिना, मग साल. मशीनने टुण्णकन आवाज केला. तारीख चुकीची आहे म्हणे.

"हां, तुझी पंचवीस होय," नाना शांतपणे म्हणाले. "मग महिना आधी टाक आणि तारीख नंतर. नव्या डॉसला काही तारखांना तसं लागतं."

मी महिना आधी टाकला. पत्रिका आली.

खरं तर माझं काम झालं होतं. पण तो 'काही' शब्द माझ्या डोक्यात अडकला. यंत्राला सगळ्याच तारखा उलट्या लागतील किंवा एकही लागणार नाही. काही म्हणजे काय?

"कुठल्या तारखांना, नाना?"

"बारा तारखेपर्यंत सुरळीत घेतं. तेरापासून अडतं." मग आवाज जरा खाली आणून म्हणाले, "मी विचार केला त्यावर. तेरावं अशुभच ना. म्हटलं यंत्रालाही कळतं की काय!"

मला आधी हसू आलं. आणि हसता हसताच काय झालं असणार ते मला दिसलं. तेरावा महिना नसतो, म्हणून यंत्र तेरापासून अडत होतं. ते पहिला आकडा महिना म्हणूनच वाचत होतं. मग बारापर्यंतच्या तारखा ते जे 'सुरळीत' घेत होतं, त्यांचं काय?

मी नानांना हे सांगायला तोंड उघडणार, इतक्यात दारातून आवाज आला.

"नाना, आहात ना? मला पुन्हा एकदा बघून हवंय."

ती मंदा. कांजूरमार्गची. वडील पूर्वी गिरणीत होते, संपानंतर एका कारखान्यावर वॉचमन लागले. मंदा स्वतः टेलिफोन ऑपरेटर, त्यामुळे बोलणं खणखणीत. हातात नानांकडूनच नेलेली पत्रिका. घाटकोपरच्या प्रभाकर नावाच्या मुलाशी तिचं ठरलं होतं, सुपारी फुटली होती. मुलाच्या आईने शेवटी म्हटलं, एकदा कंप्युटरवर पत्रिका काढून आणा. मंदाची पत्रिका कधी केलेलीच नव्हती. नानांच्या यंत्राने ती केली, तर बाराव्या स्थानी मंगळ. प्रभाकरला मंगळ नाही. मुलाकडून निरोप आला, की थांबूया.

"थांबूया म्हणजे नाही म्हणणं असतं ते, मला कळतं ना," मंदा म्हणाली. "बाबा म्हणतात जाऊ दे, दुसरं बघू. मला दुसरं नकोय. मला तो आवडलाय, सांगून टाकते सरळ."

नाना कसनुसे झाले. "अगं, ग्रह काय मी बसवतो का? यंत्राने काढलंय ते."

मी तिला विचारलं, "तुझी जन्मतारीख काय गं?"

"सहा नोव्हेंबर. सकाळी आठ. भाऊबीज होती. मामा ओवाळून घ्यायला घाटकोपरहून आला, तर त्याची बहीण हॉस्पिटलात. अजून सुनावतो मला दर दिवाळीला. की तू माझी भाऊबीज बुडवलीस."

मी तिच्या हातातली पत्रिका घेतली. वर तारीख बरोबर छापली होती, सहा, अकरा आणि साल. जशी टाकली तशीच. पण खाली तिथीच्या रकान्यात लिहिलं होतं, ज्येष्ठ शुद्ध.

मी ती नानांपुढे धरली. "नाना, भाऊबीज ज्येष्ठात येते?"

नानांनी चष्मा वर केला, खाली केला. मग ते खुर्चीत बसले. त्यांना मला काहीच समजावून सांगावं लागलं नाही. हा माणूस एके काळी नुसती इंग्रजी तारीख ऐकून मास आणि पक्ष तोंडाने सांगायचा.

"सहा अकराची अकरा जून केलीन त्याने," ते म्हणाले. "आणि मी पाहिलंच नाही गं. छापून आलं की पाहायचं काय, असं झालं होतं. हाताने करत असतो तर पहिल्या ओळीला थांबलो असतो."

कारण शोधायला मला फार वेळ लागला नाही. मशीन सुरू होताना डॉस एक छोटी फाइल वाचतो. तिच्यात एक ओळ असते, की आपण कुठल्या देशात आहोत. कारण देशादेशांची तारीख लिहायची रीत वेगळी. गंमत अशी, की डॉसच्या त्या यादीत आपला देशच नव्हता. म्हणून आम्ही लोक विलायतेचा नंबर घालायचो, त्यांची तारीख आपल्यासारखी आधी दिवस, मग महिना. जुन्या डिस्कवर ती ओळ होती. नव्या डॉससोबत ती गेली, आणि सांगणारं कोणी नसलं की डॉस समजतो आपण अमेरिकेत. तिथे महिना आधी. पत्रिकेचा प्रोग्राम बिचारा डॉसला विचारून वागत होता. तर मुलुंड पूर्वेला बसून नानांचं यंत्र अमेरिकेच्या रितीने आमच्या मुलींना मंगळ लावत होतं! यात कोणीच खोटं बोललं नव्हतं. प्रत्येक जण दुसऱ्यावर भरवसा ठेवून होता, एवढंच.

मी ओळ घातली, मशीन पुन्हा सुरू केलं, मंदाची तारीख टाकली. कार्तिक शुद्ध द्वितीया. मंगळ दहाव्यात, म्हणजे निरुपद्रवी. मंदा खुर्चीवर बसली आणि रडलीच. मग डोळे पुसून म्हणाली, "पण त्यांना पटणार का? मुलीकडच्यांनी फिरवून आणली म्हणतील."

तसंच झालं. प्रभाकरच्या आईने नवी पत्रिका हातातही घेतली नाही. कंप्युटर एकदा एक बोलतो आणि मग दुसरं बोलतो, असं कधी असतं का? एक तरी कोणीतरी करून घेतलेलं असणार.

इथे मला नानांचं मन कळलं. यंत्र चुकलं हे कबूल केलं की त्या पाटीला काय अर्थ राहिला? शेजारचे लोक त्यांना सांगत होते, नाना, गप्प बसा, एका मुलीचं जमलं नाही तर दुसरीकडे जमेल, धंदा बसेल तुमचा. नाना दोन दिवस गप्प बसले खरे. तिसऱ्या दिवशी त्यांनी दाराबाहेर फळा लावला. त्यावर खडूने लिहिलं: यंत्रात नवी डिस्क बसवल्यापासून नेलेल्या पत्रिकांपैकी ज्यांची जन्मतारीख एक ते बारामधली आहे, त्यांनी कृपया परत यावे. यंत्राची व माझी चूक झाली आहे. आणि ते स्वतः घाटकोपरला जाऊन प्रभाकरच्या आईला हात जोडून म्हणाले, रविवारी या, तुमच्या डोळ्यांसमोर दाखवतो. मलाही बोलावलं.

रविवारी मी पोचले तेव्हा मंदा जिन्याच्या खालच्या पायरीवर बसली होती. वडिलांनी येऊ नको म्हणून बजावलं होतं.

"मी आत नाही येत," म्हणाली. "इथे बसायला तर बंदी नाही ना?"

आत प्रभाकरची आई भिंतीला टेकून बसली होती. ठसठशीत कुंकू, नऊवारी, मालवणकडची बाई. शेजारी प्रभाकर, मान खाली घालून. मी यंत्र लावलं, ती ओळ काढून मंदाची पत्रिका दाखवली, ओळ घालून पुन्हा दाखवली. एकदा ज्येष्ठ, एकदा कार्तिक. बाईंना वाचता येत नव्हतं, प्रभाकर वाचून दाखवत होता. भाऊबीज म्हटल्यावर त्यांची मान किंचित हलली. पण त्या म्हणाल्या, "माका काय कळता त्यातला? तुमी सांगशात तां खरा."

मग एकदम पुढे सरकल्या. "माझी काड बघू."

"तुमची?"

"माझी आणि ह्याच्या बापाशीची. जुळवून दाखव. आमच्या येळेक खयची पत्रिका? माझ्या बापाशीन सांगल्यान, मी उभी रवलंय."

मला हे भलतंच आवडलं. इतक्या वर्षांत यंत्राची अशी परीक्षा कोणी घेतली नव्हती. त्यांच्या नवऱ्याची तारीख आणि वेळ प्रभाकरला माहीत होती. त्यांची स्वतःची फक्त तिथी ठाऊक, गोकुळाष्टमी, आणि वेळ गुरं सोडायची. साल रेशनकार्डावरचं. नानांनी फडताळातून जुनं पंचांग काढलं आणि त्यावरून इंग्रजी तारीख शोधून दिली. ती शोधताना त्यांचं बोट असं भराभर चाललं होतं, की मी यंत्र सोडून तेच बघत बसले.

मी दोन्ही तारखा टाकल्या. गुण छापून आले. जेमतेम. आणि खाली एक ओळ. ती वाचून प्रभाकर थांबला.

"काय म्हणता?" आईने विचारलं.

"एकनाड आहे म्हणतं."

"म्हणजे?"

प्रभाकर नानांकडे बघायला लागला. नानांनी घसा खाकरला. ते खोटं बोलू शकले असते. "शास्त्रात असं आहे," ते हळू म्हणाले, "की एकनाड असली तर विवाह वर्ज्य. संतती होत नाही म्हणतात."

बाईंनी आपल्या मुलाकडे पायापासून डोक्यापर्यंत बघितलं.

"मगे हो समोर बसलो आसा तो कोण?"

प्रभाकरला हसू आवरेना. घरी ते चार भावंडं होते, हा तिसरा. बाई मात्र हसत नव्हत्या. त्या विचार करत होत्या, अगदी मन लावून, आणि मला वाटतं त्या खोलीत त्या क्षणी सगळ्यात मोठा शोध त्याच लावत होत्या. नवऱ्याबरोबरचा तीस वर्षांचा संसार एकीकडे आणि तो कागद एकीकडे, असं काहीसं चाललं असावं. पत्रिकेवर माझा विश्वास आहे की नाही, हे मला आजही नीट ठरवता आलेलं नाही. पण त्या दिवशी मला त्या बाईंचा भारी आदर वाटला.

त्या माझ्याकडे वळल्या. "गो बाय, ह्यां मशीन आता बरोबर चालता मां?"

"हो मावशी. आता अगदी बरोबर चालतंय."

"नक्की?"

"नक्की."

"मगे बंद कर."

मी नानांकडे बघितलं. त्यांनी मान हलवली. मी हात मागे घातला आणि बटण दाबलं. नोकरीत मी कितीतरी मशीनं चालू करून दिली. मीच नीट केलेलं मशीन बंद करायला सांगणारं गिऱ्हाईक तेवढं एकच भेटलं, आणि कुठलंच काम मी इतक्या आनंदाने केलेलं नाही.

"चेडू खय आसा?" बाईंनी विचारलं. "खाली पायरेर बसली आसा मां? मी येताना बघितलंय. बोलवा तेका वर."

प्रभाकर उठला तो चप्पल न घालताच पळाला.

नाना हळूच म्हणाले, "मग मुहूर्त तरी... तो काढायचा ना?"

"काडूक व्हयो तर," बाई म्हणाल्या. "पण तुमी काडा. हातान."

नानांनी धोतराच्या सोग्याने चष्मा पुसला आणि पंचांग मांडीवर घेतलं.